काहीनाही डॉक्टर आणि बाकावरच्या बायका

ह्यातला एक शब्द खरा मानून दाखव, मग मी तुला मानते. मी थापाडी आहे हे अख्ख्या तांबट आळीला माहीत आहे. सासूबाईंच्या तपकिरीच्या डबीत मी मिरपूड भरली होती. त्या गेल्या तेव्हाही माझ्याकडे संशयानंच बघत गेल्या. तेव्हा तू खुशाल म्हण, म्हातारी चढवून सांगते.

पण बाटली घेऊन त्याच डॉक्टरांकडे निघालीस ना? मग बस घटकाभर. नवरा उभा राहील ओट्याखाली, झिजत नाही तो.

दवाखान्यातल्या गोष्टींचं असंच असतं बघ. आठव म्हटलं तर एक आठवत नाही, आणि एक सांगायला घेतली की बाकीच्या मागं रांग लावतात, विहिरीवर घागरी लागतात तशा. आणि बाकावर बसून बसून माझ्याकडे किती साचल्यात!

माझी ही कमर. आमचे हे भांडी ठोकायचे आणि मी ती उजळायची. उकिडवं बसून, चिंच लावून, दिवसभर. कधीतरी कमरेत काहीतरी धरलं ते धरलंच. सकाळी उठताना आधी कुशीवर व्हायचं, मग हात टेकायचे, मग गुडघा, मग देवाचं नाव. तेव्हा कुठं बाई उभी.

डॉक्टर मुंबईला शिकून आलेले. गोरेपान, खिशात साखळीचं घड्याळ. तुझं तोंड उघडायच्या आत म्हणणार, "काही नाही." म्हणून काहीनाही डॉक्टर. हे नाव मीच ठेवलं, आता टांगेवालेसुद्धा तसंच म्हणतात.

आणि बाईला विचारायचं नाही. बरोबर जो पुरुष आला असेल त्याला विचारायचं, "काय होतंय हिला?" बाईनं मनगट पुढं करायचं आणि भिंतीकडे बघत बसायचं. माझी हौस एवढीच होती गं, त्या माणसानं एकदा माझ्याकडे बघून म्हणावं, "कुठं दुखतं?" औषध नको देऊस बाबा, विचार तरी.

*

पहिल्यांदा गेले तेव्हाची गोष्ट. आमच्या ह्यांचा जन्म तांबं ठोकण्यात गेला, हळू बोलणं त्यांना ठाऊकच नाही. डॉक्टरांनी माझी नाडी धरली आणि ह्यांना विचारलं, "काय होतंय हिला?"

हे विचारात पडले. बराच वेळ पडले. मग गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जेवायला उशीर होतो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"काही नाही," डॉक्टर म्हणाले, आणि औषध लिहून चिठ्ठी कंपाउंडरकडे सरकवली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अहो, माझी कमर दुखते म्हणून आलो होतो ना आपण?"

"मग तेच सांगितलं की. कमर दुखते म्हणूनच उशीर होतो ना?"

आणि खरं सांगू? औषध सुरू केलं त्याच दिवसापासून ह्यांना जेवण वेळेवर मिळायला लागलं. नणंद माहेरपणाला आली होती, ती रांधायची. पण गुण कुणाला, तर डॉक्टरांना!

*

बाकावर मला दोन मैत्रिणी मिळाल्या. एक घोटीची सरू, भातशेतीवाली. चिखलात उभं राहून राहून तिचे गुडघे गेलेले. दुसरी अमीनाबी, विणकराची बायको. मागासाठी सुताच्या कांड्या भरून भरून तिची मनगटं धरलेली. तिघींचं दुखणं तीन जागी, पण बाटलीत तिघींच्या तेच गुलाबी पाणी. बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी डकवलेली, एक खाच एक डोस.

सरूनं एकदा विचारलं, "आक्का, तुजं औशीद गोड हाय का गं? माजं लय गोड हाय."

मी तिचं चाखलं, तिनं माझं. अमीनाबीनं दोन्ही चाखली आणि म्हणाली, "एकच नदीका पानी है."

मग काय, आम्ही बाटल्याच बदलल्या. माझी कमर सरूच्या गुडघ्याचं औषध प्यायची, सरूचे गुडघे अमीनाबीच्या मनगटाचं. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, "हिला उतार आहे?"

हे म्हणाले, "आहे म्हणते."

मला राहवेना. मी भिंतीकडचं तोंड वळवलं आणि म्हटलं, "डॉक्टर, मी गुडघ्याचं औषध पीत होते. त्या सरूचं."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडायला का होईना, माझ्याकडे बघतील. पण छे. ह्यांच्याकडे बघूनच म्हणाले, "उतार आहे ना? मग तेच चालू ठेवा."

*

सरूबरोबर तिचा दीर यायचा. गरीब माणूस, डॉक्टर काहीही म्हणाले की "जी साहेब."

डॉक्टरांनी एकदा दिराला बजावलं, "हिनं पाय पाण्यात घालायचे नाहीत."

"जी साहेब."

सरूनं पदर तोंडावरून बाजूला केला. "अवं, पर भात पाण्यातच लावत्यात ना?"

डॉक्टर दिराला म्हणाले, "तिला सांगा, दुसरं काहीतरी लावा. सुकं."

"जी साहेब."

बाकावर येऊन सरू धपकन बसली. "घोटीला पावसाळ्यात सुकी जागा एकच हाय, आक्का. चुलीचं तोंड. तितं लावू का भात?"

दीर म्हणाला, "जी." त्याला सवयच लागली होती.

*

आता माझी फजिती ऐक. माझ्यावरच उलटली ती.

मी म्हटलं, बाईचं ऐकत नाहीत ना? मग माझी कमर पुरुषाच्या अंगात घालून पाठवू. ह्यांना पढवलं, "तुम्ही पेशंट व्हा. म्हणा, कमर दुखते, डाव्या अंगाला, सकाळी उठवत नाही." हे तयार होईनात. मग चार दिवस बिनमिठाची आमटी वाढली. झाले तयार.

मी अर्ध्या पडद्याआड उभी. ह्यांनी माझं दुखणं सांगितलं, सांगताना मोठ्यानं विव्हळलेसुद्धा. आणि डॉक्टर उठले गं! खुर्चीतून उठले! ह्यांना टेबलावर पालथं निजवलं. मणका मणका दाबून बघितला. "इथं दुखतं? की इथं? पायाकडे कळ जाते का? खोकलं की वाढतं का?"

मी पडद्याआड उभी राहून उत्तरं देत होते, मनातल्या मनात. हो, इथंच. हो, पायाकडे जाते. हो, खोकलं की वाढतं. आणि आमचे हे, धडधाकट माणूस, टेबलावर पडून म्हणतात, "सगळीकडेच दुखतं." तेवढा एक क्षण मला ह्यांचा इतका हेवा वाटला, काय सांगू.

डॉक्टरांनी ह्यांच्या कमरेला औषधाची चिकटपट्टी लावली. घरी आल्याबरोबर मी ती ओढून काढली, ह्यांच्या पाठीचे केस उपटून निघाले, आणि माझ्या कमरेला लावली. ऊब आली बाई. त्या दिवशी झोप लागली.

सकाळी घागर घेऊन निघाले. ह्यांना म्हटलं, "जरा हात लावा उचलायला."

हे पांघरुणातून म्हणाले, "मला वजन उचलायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

आठ दिवस पडून होते. मी पाणी भरलं, भांडी उजळली, आणि वर ह्यांची कमर शेकली!

*

डॉक्टर माडीवर राहतात, दवाखाना खाली. एकदा दुपारी बाकावर मी एकटीच होते. जिन्यावरून त्यांच्या बायको उतरल्या, पायरी पायरीला कठडा धरत. मी बघितलं आणि ओळखलं. तशी पायरी मीच उतरते.

माझ्याजवळ बसल्या आणि पुटपुटल्या, "आक्का, पाठ दुखली की तुम्ही काय लावता?"

मी म्हटलं, "वैनी, घरात डॉक्टर असताना मला विचारता?"

"ते म्हणतात, काही नाही."

आता मला हसू यावं की नाही? पण आलं नाही. मी त्यांना मिठाची पुरचुंडी करायला सांगितली, निर्गुडीचा पाला कसा वाफवायचा ते सांगितलं. तेव्हापासून डॉक्टर जेवून आडवे झाले की वैनी खाली यायच्या, आमच्यात बसायच्या. एकदा म्हणाल्या, "मला वाटतं, मी बायको म्हणून मला विचारत नसतील. घरचं माणूस ना. पेशंट बायकांना विचारत असतील."

आम्ही तिघींनी एकमेकींकडे बघितलं.

"विचारत नाहीत?" वैनी म्हणाल्या. "मला एकदा बघायचंय. माझ्या डोळ्यांनी. परक्या बाईला तरी नीट बघतात की नाही. नसतील बघत, तर मी माहेरी जाते, वडील दुसरा डॉक्टर दाखवतील. बघत असतील, तर इथं भांडत राहीन."

अमीनाबी म्हणाली, "मेरा बुरखा ले जाव. बुरखेवालीकू तो वो देखताच नहीं. मैं दीवारकू बुरखा पहनाके भेजी तो उसकू भी गुलाबी दवा देगा."

*

तर ही शेवटची. ही तू नाहीच मानणार.

माझ्या घरी तयारी केली. अमीनाबीचा बुरखा वैनींना बरोबर झाला, उंची तीच. बांगड्या उतरवायला त्या तयार होईनात, म्हणून कोपरापर्यंत वर सारून रुमालानं बांधल्या. जोडवी दिसत होती, म्हणून अमीनाबीनं स्वतःची जुती दिली आणि आमच्याकडे अनवाणी बसून राहिली. बरोबर कोण जाणार? अमीनाबीचा नवरा, करीमभाई. तो म्हणाला, "आक्का, डाक्टरसाब पहचान गए तो?"

मी म्हटलं, "तेच तर बघायचंय, ओळखतात का."

ह्यांना बाकावर बसवून मी आधीच पडद्यापाशी उभी राहिले, पुढचा नंबर माझा म्हणून. वैनी आत गेल्या, स्टुलावर बसल्या. मनगट पुढं केलं. डॉक्टरांनी ते धरलं आणि घड्याळाकडे बघायला लागले. अगं, रोज जेवायला वाढणारा हात तो! घड्याळ टिकटिकतंय आणि माझं काळीज त्याच्या पुढं पळतंय.

डॉक्टरांनी विचारलं. कुणाला? करीमभाईला. "काय होतंय हिला?"

"पीठ दुखती साब. रातकू सोती नहीं."

"काही नाही," डॉक्टर म्हणाले. "नाडी उत्तम आहे. घरात काम नसलं की बायकांच्या पाठी दुखतात. जात्यावर बसव तिला, दळू दे. चार दिवसांत पळेल पाठदुखी."

करीमभाईनं माझ्याकडे बघितलं. मी पडदा तोंडात कोंबला.

आणि बुरख्यातून आवाज आला, अगदी रोजच्यासारखा, "दळण सकाळीच झालंय. आता संध्याकाळी भाकरी करू का पोळ्या, तेवढं सांगा."

डॉक्टरांच्या हातात अजून ते मनगट. सोडता येईना, धरता येईना. वैनींनी तोंडावरचा बुरखा वर केला. रडत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या, उत्तराची वाट बघत असल्यासारख्या.

मग डॉक्टरांनी घसा खाकरला. आणि सवय बघ कशी असते माणसाची. बायको समोर बसलीय, हात हातात आहे, आणि हा माणूस मान वळवून करीमभाईला विचारतो, "हिला... कुठं दुखतं?"

करीमभाईनं टोपी सारखी केली. म्हणाला, "साब, अब मरद तो आप हो इसके. आपही बताव."

डॉक्टरांनी मनगट सोडलं.

मग उठून त्यांनी वैनींना आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. करीमभाई माझ्याजवळ येऊन उभा राहिला. आतून बोलणं ऐकू येत होतं, पण शब्द नाही. बराच वेळ एकच आवाज होता, आणि तो डॉक्टरांचा नव्हता.

दार उघडलं तेव्हा डॉक्टर उंबऱ्यात आले. माझ्या शेजारी आमचे हे येऊन ठेपले होते, सांगायला तयार, छाती भरून. डॉक्टरांनी ह्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आक्का, तुम्हाला कुठं दुखतं?"

आणि मी, एवढी बोलकी बाई...

ऊठ. बाक भरला असेल तिकडे, आणि मला कमर शेकायचीय. बाटली घे तुझी. आणि तुझा तो खाली उभा आहे ना, त्याला बाहेरच बसव. जा आता.