कोंबड्यांच्या शेडवरच्या जावा

थोरली आणि धाकटी नात्याने जावा, पण वागायच्या बहिणींसारख्या. गावाबाहेरच्या कोंबड्यांच्या शेडवर दोघी कामाला. थोरलीनेच मालकाकडे शब्द टाकून धाकटीला तिथे चिकटवलं होतं. अंडी गोळा करायची, दिव्यासमोर धरून पारखायची, तडकलेली बाजूला काढायची. धाकटीचं तोंड दिवसभर चालू. "ताई, ही कोंबडी बघा, अगदी आपल्या सासूबाईंसारखी मान वाकडी करून बघते," म्हणायची, आणि थोरलीला हसू आवरायचं नाही.

मग कोंबड्या पटापट मरायला लागल्या. आधी तुरे निळे पडायचे, मग माना टाकायच्या. मालक म्हणाला, "उन्हाचा तडाखा आहे. मागे खड्डा खणून पुरून टाका. आणि बाहेर ब्र काढायचा नाही. शेड बंद पडली तर तुमच्याच चुली विझतील." बायकांनी नुसत्या हातांनी मेलेल्या कोंबड्या उचलल्या. थोरलीच्या मनात पाल चुकचुकली होती, पण ती गप्प बसली.

थोड्याच दिवसांत धाकटी तापाने फणफणली. "साधी सर्दी आहे हो," म्हणत तशीच कामावर येत राहिली. शेवटी तिला अशी धाप लागली की वाक्यही पुरं होईना.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी किंवा कामावर कोंबड्या-बदकांशी कधी संबंध आला होता?"

"नाही," धाकटीचा नवरा, थोरलीचा दीर, खाली मान घालून म्हणाला. तो त्याच शेडची अंडी टेम्पोने पोचवायचा. मालकाने त्यालाही तंबी दिली होती.

थोरलीने काचेतून आत पाहिलं. धाकटीच्या तोंडावर मास्क, डोळे सताड उघडे. तशातही ती काहीतरी बोलायला बघत होती. थोरलीला राहवलं नाही.

"आलाय संबंध," ती म्हणाली. "शेडवर कोंबड्या मरताहेत. आम्हीच पुरल्या त्या."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "आणखी कुणाला ताप आहे?" एवढं विचारून त्यांनी फोन उचलला.

पांढऱ्या पोशाखातली माणसं आली. त्यांनी शेडमधली एकूण एक कोंबडी मारली, घरोघर जाऊन ताप तपासला. आणखी दोघी आजारी निघाल्या. त्यांना वेळेवर औषध मिळालं, त्या वाचल्या. धाकटी नाही वाचली. देह बंद पिशवीतच ताब्यात दिला, तोंडसुद्धा बघू दिलं नाही.

शेडला टाळं लागलं. थोरली नळावर आली की बायका बादल्या उचलून चालू लागायच्या. "हिनेच आमच्या पोटावर पाय दिला," असं सगळ्यांत मोठ्याने म्हणणारी बाई त्या वाचलेल्या दोघींपैकीच होती. थोरली मुकाट्याने ऐकून घ्यायची. ती बाई धडधाकट उभी राहून भांडतेय, याचंच थोरलीला बरं वाटायचं.

दिराचं मात्र तिला सोसवेना. तो तिच्याशी बोलेनासा झाला होता. एकदा ती वाढत असताना त्याने ताट बाजूला सरकवलं.

"वहिनी, तुम्ही सांगितलंत याचा राग नाही मला. आधी का नाही सांगितलंत?"

डॉक्टरांपुढे तो स्वतः काय बोलला होता, हे तिच्या अगदी ओठांवर आलं. तिने ते गिळलं.

"चुकलं, भावजी," ती म्हणाली.

त्याने ताट पुन्हा पुढे ओढलं, पण भाकरीचे नुसते तुकडे मोडत राहिला.