शापाचे गोटे

चुलतभावाला शाप द्यायला गेलो आणि आशीर्वाद देऊन आलो. तेही आयर्लंडात.

आमच्या दोघांच्या घरांमध्ये चिऱ्यांचा गडगा आहे. दोन वर्षांपूर्वीच्या पावसात तो ढासळला. भावाने तो नव्याने बांधला आणि बांधताना असा काही वळवला, की माझा कापा फणस त्याच्या आवारात गेला. एवढ्यावरही मी गप्प बसलो असतो. पण पहिलाच फणस तो स्वतः खांद्यावरून घेऊन आला. "दादानू, आमच्या झाडाचो आसा. खावन बगा."

ते 'आमच्या' अजून माझ्या घशात चिकासारखं चिकटून आहे.

पुढे मुलीकडे गेलो. ती आयर्लंडमधल्या एका लहानशा गावात नर्स आहे. गाव म्हणजे एक रस्ता, आणि रस्ता संपतो तिथे पहिल्यावहिल्या ख्रिस्ती साधूंचा जुना मठ. बिनछपराचं प्रार्थनाघर, नक्षी झिजलेला दगडी क्रूस, माडासारखा सरळ गोल मनोरा. मुलगी कौतुकाने दाखवत होती, मी जांभया देत होतो. मग ती खळगे पडलेल्या एका शिळेपाशी थांबली. खळग्यांत गुळगुळीत गोटे होते.

"बाबा, हे शापाचे गोटे. दुश्मनाचा नाव घेवन फिरवूचे. पण आपली बाजू खोटी आसली तर शाप आपल्यारच उलाटता."

बाजू तर माझी शंभर टक्के खरी. शेजारची पाटी वाचायचीही गरज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर मी एकटाच तिथे पोचलो. बूट काढले, ओल्या गवतात उभा राहिलो आणि आपल्या पद्धतीने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, तू परमुलखातलो, तुझा नाव माका धड घेवक येणा नाय. पण ज्यान माझो पणस गिळल्यान, तेका तेचो एकय गरो गोड लागता कामा नये." 'व्हय महाराजा' म्हणायला मागे कोणी नव्हतं, तेही मीच म्हटलं. भावाचं नाव घेत एकेक गोटा फिरवला. इतकं समाधान मला निवृत्त झालो त्या दिवशीही मिळालं नव्हतं.

संध्याकाळी न राहवून मुलीला सांगितलं.

"खंयच्या बाजून फिरवलास?"

मी आमटीच्या वाटीवर बोट फिरवून दाखवलं. आरती ओवाळतो तसे. हाताला दुसरी सवयच नाही.

तिने हसू आवरलं. "शापाक उलटे फिरवूचे आसतत, बाबा. ह्यो तुमी आशीर्वाद दिलास."

आणि परतीचं विमान दुसऱ्याच दिवशी सकाळचं.

यंदा तो फणस बुंध्यापासून लगडला आहे. परवा भाऊ पुन्हा एक देऊन गेला. गरे इतके गोड, की मी रागारागाने निम्मे संपवले आणि बायकोला बजावलं, पुढच्या वर्षी पुन्हा जातो आणि सगळे गोटे उलटे फिरवून येतो.

ती हाताचा चीक तेलाने सोडवत होती. मान वर न करता म्हणाली, "शाप घालूक इतक्या लांब गेलास. मोजणीचो अर्ज देवक कुडाळाक जावक मात्र तुमका अजून जमूक नाय."