स्थिर हाताचा पुरावा

जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जायचं धैर्य नव्हतं म्हणून मी पिस्तुलाकडे वळलो. वाचायला हे शूर वाटतं, पण हकीकत एका भित्र्या माणसाची आहे. नॉटिंगहॅमच्या आमच्या ऑफिसात, भर मीटिंगमध्ये, चहाचा मग उचलताना माझा उजवा हात थरथरला आणि चहा लॅपटॉपवर सांडला. नागपूरला माझ्या वडिलांचा हात गेली सात-आठ वर्षं असाच थरथरतो. आणि मी, म्हणजे त्यांचा विलायतेतला शहाणा मुलगा, दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांना सांगत आलो होतो की बाबा, मन घट्ट करा, कप नीट धरा, हे सगळे मनाचे खेळ असतात. आता तोच हात मला लागला असेल तर या उपदेशाचं करायचं काय? त्यापेक्षा माझा हात हलतच नाही हे सिद्ध करणं सोपं होतं. नेमबाजाचा हात हलत नाही एवढं ज्ञान मला सिनेमांनी दिलेलं होतं.

कुठलंही काम मी वाचनापासून सुरू करतो आणि बहुधा तिथेच संपवतो. दोन महिने मी नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलांचा अभ्यास केला. एक्सेलमध्ये तक्ता केला. नळीची लांबी, मुठीची जाडी, चाप दाबायला लागणारा जोर, वजन. फ्रीज घेतानाही मी असाच तक्ता केला होता आणि शेवटी दुकानात जो शिल्लक होता तो आणला होता, याची बायकोने आठवण करून दिली. तिच्याकडे दुर्लक्ष करून मी तक्त्याची प्रिंट काढली आणि क्लबात गेलो.

क्लब म्हणजे शहराबाहेर एका गावच्या हॉलमागची लांबट शेड. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, निवृत्त बस ड्रायव्हर. त्यांनी चष्मा लावून माझा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, चांगला झालाय म्हणाल्या, आणि मग सांगितलं की असलं पिस्तूल इथे सामान्य माणसाला ठेवताच येत नाही, कित्येक वर्षांपासून बंदी आहे. मी या देशात अठरा वर्षं राहतो. तक्त्यात नेमका तेवढाच रकाना राहून गेला होता.

मला मिळणार होतं ते हवेच्या दाबावर चालणारं पिस्तूल. त्याचा छर्रा साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे नऊच्या बरोबर निम्मा. माझ्या कुवतीला ते साजेसंच होतं.

बाईंनी टेबलावर तीन रिकामी पिस्तुलं मांडली. मी अर्थातच सर्वांत रुबाबदार दिसणारं उचललं. त्या म्हणाल्या, डोळे मिटून हात लक्ष्याकडे उचला, मग डोळे उघडा. नळीवरची पुढची खूण मागच्या खाचेत आपसूक बसलेली दिसली तर ती मूठ तुमच्या हाताची. रुबाबदार पिस्तूल शेजाऱ्याच्या लक्ष्याकडे बघत होतं. तिसरं, मुठीचा रंग उडालेलं, एकदम जागेवर आलं. तसंच एक जुनं मी विकत घेतलं.

नेमाचं शास्त्र सांगायला सोपं आहे. पुढच्या खुणेवर नजर ठेवायची, लक्ष्य धूसर दिसलं तर दिसू द्यायचं, आणि चाप हिसकायचा नाही, सावकाश दाबत न्यायचा. हे मी चार महिने केलं. लक्ष्याच्या कार्डावर माझे छर्रे फोडणीतल्या मोहरीसारखे उडालेले असायचे.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते, म्हणजे एरवी माझा लॅपटॉप, स्क्रू ड्रायव्हर आणि बायकोची विळी. यंदा मी पाटावर पिस्तूल ठेवलं, अगदी छाती फुगवून. हळदकुंकू वाहिलं. अक्षता जरा जास्तच घेतल्या, कारण मला मदतही जास्त हवी होती. हात थरथरला आणि त्या नको तिथे गेल्या. भक्तिभावाने थरथरला, असं मी बायकोला सांगितलं.

पुढच्या रविवारी सकाळी क्लबात छोटी स्पर्धा होती. माझे पहिले पाच छर्रे वाटेल तिकडे गेले, एक तर शेजाऱ्याच्या कार्डावर. मला मनातून आनंदच झाला, कारण मागची खाच कुंकवाने बुजलेली मला दिसली होती. दोष हत्याराचा होता! बाईंना बोलावलं. त्यांनी ब्रशने कुंकू काढलं, चिमट्याने तांदळाचा एक दाणा काढला आणि हा कसला म्हणून विचारलं. मी पूजेचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. रोज पहिल्या फेरीआधी मीही बसला थोपटायचे, असं म्हणाल्या. मग मला पुन्हा नेम धरायला लावलं.

आता पिस्तूल चकचकीत होतं आणि छर्रे होते तिथेच, म्हणजे सगळीकडे. मी ते खाली ठेवलं आणि सकाळपासून कॉफी जरा जास्त झाली असं काहीतरी पुटपुटलो.

"सगळ्यांचाच हात हलतो," बाई म्हणाल्या. "माझाही हलतो. तो थांबायची वाट बघाल तर चाप कधी दाबलाच जाणार नाही. हलतोय तसा हलू द्या."

स्थिर हाताच्या ज्या सर्टिफिकेटसाठी मी एवढा खटाटोप केला ते तिथे कोणाकडेच नव्हतं. शेवटचं कार्ड त्यातल्या त्यात बरं गेलं. माझा नंबर खालून दुसरा आला, आणि खालून पहिला आलेला गृहस्थ पाठ धरल्यामुळे मध्येच घरी गेला होता.

गाडीत बसलो तेव्हा मला फार लाज वाटली, पण ती नंबराची नव्हती. वर्षभर झालं, बाबा कॉलवर माझ्यासमोर चहा पीत नव्हते. कप यायचा आणि तसाच निवायचा. त्यांचा चहा मी बंद केला होता, आणि हे मला इतके दिवस दिसलंही नव्हतं.

घरी येऊन फोन लावला. नागपुरात संध्याकाळ होती. मी एका दमात सांगून टाकलं, "बाबा, माझाही हात थरथरतो. तुम्हाला मी उगाच बोलत राहिलो."

ते म्हणाले, "माहीत आहे मला. दीडेक वर्ष झालं. तुझा फोन हलतो रे, तोंड धड दिसत नाही."

मग इतके दिवस बोलला का नाहीत, असं मी विचारलं.

"बोललो असतो, तर तू फोन करणंच सोडलं असतं."