जीप पार झाली, आम्ही मागे फिरलो

आमच्या घरात पाऊस सुरू झाला की गाडीची किल्ली मामाकडे जाते. गाडी आईची आणि माझी, चालवते मी. पण जून लागला की वळ गावाहून मामा येतो, किल्ली नेतो आणि कुठे जायचं असेल तर आपल्या गोदामातला ड्रायव्हर पाठवतो. यंदा मी किल्ली दिली नाही. ब्रेकच्या चाचण्या घेणं हे माझं रोजचं काम आहे; ओल्या रस्त्यावर गाडी किती लांब जाऊन थांबते हे मला ड्रायव्हरकडून ऐकायची गरज नाही.

मामाने अट घातली. "जव्हारला नेऊन आन आमाला. मधी कुठं घाबरलीस, तर किल्ली माजी."

"चालेल," मी म्हणाले.

आदल्या दिवशी टायरच्या खाचा किती खोल आहेत ते मोजलं. चारही चाकांना चार मिलिमीटरच्या वर निघाल्या. वायपरची रबरं बदलली, हवा तपासली. शनिवारी सकाळी साडेसहाला भिवंडीतल्या कामतघरहून, आमच्या घरून निघालो. मामा पुढे, आई मागे.

भिवंडी-वाडा रस्त्यावर पावसात खड्डा दिसत नाही, फक्त पाणी दिसतं. म्हणून ताशी चाळीस, आणि पुढच्या गाडीपासून एरवीच्या दुप्पट अंतर. त्या अंतरात दर दोन मिनिटांनी एक रिक्षा घुसायची. मी पुन्हा मागे सरायचे.

"चारी इंडिकेटर लाव गो," मामा म्हणाला. "सगल्यांनी लावलेत. मागच्याला दिसाय नको?"

"मग वळताना मागच्याला काय दाखवू? हात?"

मागून आईच्या हसण्याचा आवाज आला. मी हेडलाईट खाली करून लावले होते. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका. थांबलेली गाडी आणि वळणारी गाडी यांतला फरकच त्याने पुसला जातो. काचेवर वाफ धरली तर एसी काचेवर सोडा. फडक्याने पुसत बसू नका.

अंबाडीला चहा आणि वडापाव. तिथला वडा तिखट आहे, सांभाळून. वाडा, विक्रमगड करत साडेदहाला जव्हार. दाभोसा धबधब्याकडे उतरायच्या पायऱ्या शेवाळलेल्या होत्या, त्यामुळे वरूनच पाहिला. वरूनही पुरेसा आहे. जेवायला नागलीची भाकरी आणि रानभाजी, थाळी दीडशेला. मामाने तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि माझ्या गाडी चालवण्याबद्दल एक शब्दही काढला नाही. त्याच्याकडून हे खूप झालं.

परत येताना त्यानेच आतला रस्ता सुचवला. खड्डे कमी, अंतरही कमी. आठेक किलोमीटरवर ओढ्यावरचा फरशी पूल लागला. पुलावरून गढूळ पाणी वाहत होतं. कठड्याचे दगड दिसत नव्हते. मी गाडी अलीकडेच थांबवली.

समोरून एक टेम्पो पाणी उडवत आला आणि निघून गेला.

"तो आला ना? चल."

"टेम्पो भरलेला होता, मामा. आपली गाडी हलकी आहे. पाणी दारापर्यंत आलं की चाकं रस्ता सोडतात."

"गुडघाभर बी न्हाय पानी."

"तुला तळ दिसतोय?"

मागे एक जीप येऊन हॉर्न वाजवायला लागली. चालकाने खिडकीतून डोकं काढलं. "ओ मॅडम, जमत नसंल तर बाजूला घ्या ना!"

मामाची कानशिलं लाल झाली. "उतर. मी घेतो गाडी."

मी इंजिन बंद केलं आणि किल्ली मुठीत धरली. मामाने आईकडे वळून पाहिलं. आई म्हणाली, "दादा, ती चालवतेय ना? मग ती ठरवेल."

मी उतरून जीपला वाट मोकळी आहे का पाहिलं, हाताने पुढे जायची खूण केली. जीप पाण्यात शिरली, मध्यावर जरा तिरकी झाली आणि पार झाली. पलीकडून चालकाने हात हलवला.

"बघ," मामा म्हणाला. "गेला. आता बोल."

मी गाडी वळवली. छत्तीस किलोमीटर जास्त पडले, घरी पोचायला दीड तास उशीर झाला. वाड्यापर्यंत मामा खिडकीबाहेर बघत होता. पुढे त्याने तीन फोन केले आणि तिघांनाही सांगितलं की पोरगी ओढ्याला घाबरली.

कामतघरला गाडी लावली तेव्हा त्याने हात पुढे केला. "ठरलं होतं."

"घाबरले तर, असं ठरलं होतं," मी म्हणाले. "मी घाबरले नाही. मी नाही म्हणाले."

त्याने हात मागे घेतला. मग रिक्षा करून वळ गावी गेला. निरोप फक्त आईचा घेतला.

ती जीप बुडाली असती तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. ती बुडाली नाही. कदाचित आम्हीही पार झालो असतो, वेळेत घरी आलो असतो आणि मामाने फोनवर माझं कौतुक केलं असतं. तरी पुलाची कड दिसत नव्हती, आणि मागच्या सीटवर आई होती. किल्ली माझ्याकडे आहे. सोमवारी पाऊस होता, मी गाडी घेऊन कामावर गेले.