डावीकडचा पिंपळ

आमच्या मोहल्ल्यातल्या जुन्या तटाच्या दरवाजाच्या उजव्या खांद्यावर पिंपळ उगवलाय. उजव्याच. रोज त्याच्याखालनं भाजी घेऊन येते मी, मला कोण शिकवणार? पण शहरात कुणाच्याही छातीवर बघा, पिंपळ डावीकडं. रिक्षावाल्याच्या, कॉलेजच्या पोरींच्या, शेंद्र्याला कंपनीत जाणाऱ्या पोरांच्या, सगळ्यांच्या. ही करामत आमच्या ह्यांची.

घराच्या पुढच्या खोलीतच ह्यांचं टी-शर्ट छापायचं दुकान. जयंती आली की कोपरापर्यंत हात निळे, गणपतीत केशरी, उरुसाला हिरवे. रोज सकाळी दरवाजापासनं फिरायला निघणारी काही रिटायर मंडळी होती. त्यांना एकदा हौस आली, आपल्या सगळ्यांचा एकसारखा पांढरा टी-शर्ट पाहिजे म्हणून. ह्यांनी पेन्सिलीनं एक कमान काढली, वर पिंपळ, बस्स. "खाली गावाचं नाव टाकू का?" असं विचारलं आणि मंडळींत जुंपली की हो! एक म्हणे जुनं नाव टाका, दुसरा म्हणे नवं. शेवटी ह्यांनीच हात जोडले. "नावच नको बाबांनो. दरवाजा बघितला की कळतंय माणूस कुठला ते."

अक्षरं असती तर चूक लगेच कळली असती. छापायच्या चौकटीवर चित्राची फिल्म ठेवतात, ती ह्यांनी पालथी ठेवली. शर्ट दोरीवर वाळत घातल्यावर मीच म्हटलं, "अहो, पिंपळ हिकडं कसा आला?" हे एकदा दोरीकडं बघतायत, एकदा खिडकीतनं दरवाजाकडं. मग म्हणतात कसे, "तूच चहाला हाक मारलीस. ध्यान गेलं माझं."

घ्या! म्हणजे चहाही मीच करायचा आणि पिंपळही मीच हलवला. हे भांडण आम्ही शेवटपर्यंत मिटवलं नाय. ते मिटवायचं नव्हतंच कुणाला.

मंडळींनी कुरकुरत का होईना, शर्ट घातले. मग त्यांच्या नातवंडांनी मागितले. मग पुण्याला नोकरीला गेलेली पोरं सुट्टीला आली की दोन-दोन घेऊन जायला लागली. पलीकडच्या गल्लीतली एक पोर लग्न होऊन परदेशात गेली, तिनं साड्यांच्या घडीत हा शर्ट नेला. तिकडं बाजारात कुणीतरी शर्ट बघून तिला "कौनसे मोहल्ले के?" म्हणून हाक मारली, आणि ती भर बाजारात रडली म्हणे. नाव नव्हतं म्हणूनच तो सगळ्यांचा झाला, असं मला वाटतं. उलटा छापलाय म्हणून सांगायलाही लई शहाणे आले. ह्यांचं उत्तर ठरलेलं, "घरी जाऊन आरशात बघा, सरळ दिसंल."

आणि दिसायचाच. बाहेर जायचं असलं की मी कपाटाच्या आरशापुढं स्टुलावर बसून वेणी घालायची आणि हे मागं उभे, तोच शर्ट घालून, "आवर की गं, आवर" करत. आरशात माझ्या डोक्यावर ह्यांची छाती, छातीवर दरवाजा, आणि पिंपळ बरोबर उजवीकडं. मी मुद्दाम हळू घालायची वेणी. मग मान वर करायची, तर हे वरनं डोळे वटारून हसतायत.

तीन वर्षं झाली ह्यांना जाऊन. माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाचा विधी असतो, त्याला लोक पांढरे कपडे घालून येतात. फिरायला जाणारी मंडळी आली ती तोच शर्ट घालून. मी तोवर रडले नव्हते. रांगेनं बसलेले ते डावीकडचे पिंपळ बघितले आणि माझा बांध फुटला.

दुकान आता माझा पुतण्या बघतो. गुणी आहे, पण सगळ्याची घाई. परवा एक शर्ट घेऊन आला. "काकू, बाहेरचे पाहुणे दरवाजापुढं शर्ट धरून हसतात. आता चौकट नवीन करायचीच आहे, तर चूक सरळ करून टाकतो. हा बघ नमुना." पिंपळ उजवीकडं. जसा आहे तसा, खरा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "चूक कुणाला म्हणतोस रे? पंधरा वर्षं संसार केलाय मी त्या चुकीबरोबर!" तो बिचारा म्हणाला, "तुझं मन नसंल तर नको. पण का ते तर सांग."

सांगून कळण्यातलं नव्हतं. मी त्याला तो नमुना घालायला लावला, स्टुलावर बसले आणि त्याला मागं उभं केलं. आरशात पिंपळ डावीकडं गेला. चालत नाय, म्हटलं. मग कपाटातनं ह्यांचा शर्ट काढला, गळ्याशी विरलेला. "हा घाल." त्यानं घातला आणि पुन्हा मागं येऊन उभा राहिला.

दरवाजा जागेवर आला. पिंपळ जागेवर आला. मी केस सोडले आणि सावकाश वेणी घालायला लागले. "व्हय काकू, दिसला," पुतण्या हळूच म्हणाला, "उलटाच छापतो." मी पेड घालत राहिले, शर्टाकडं बघत. मान वर केली नाय. वर बघितलं असतं तर पुतण्या दिसला असता.