सासऱ्यांसाठी केलेला पीनट बटर शेक

मला सासरे आवडत नव्हते आणि त्यांना मी. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि ते लपवायच्या भानगडीत कुणी पडत नसे. त्यांची निर्मळ गावात केळीची वाडी, आणि मी जवळच्या शहरात, तुळिंजच्या एका बिल्डिंगमध्ये वाढलेली. मुलाने स्वतः पसंत केलेली मुलगी म्हणून त्यांनी लग्नाला नाही म्हटलं नाही, पण होही म्हटलं नाही. माझा उल्लेख 'ती तुळिंजवाली' असाच व्हायचा. जेवताना भाजी वाढली की ते सासूबाईंना विचारायचे, "कोणी केली?" मी केली असेल तर वाटी बाजूला सरकायची. माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलायचं असलं की ते घरच्या बोलीत शिरायचे, दार ओढून घेतल्यासारखे. माझ्याशी मात्र शाळेच्या पुस्तकातलं मराठी.

गेल्या उन्हाळ्यात तळ्याजवळच्या वळणावर त्यांची स्कूटर घसरली आणि जबडा मोडला. डॉक्टरांनी वरचे आणि खालचे दात तारेने एकत्र बांधून टाकले. हाड जुळेपर्यंत तोंड उघडायचं नाही, जे काही पोटात जाईल ते दातांच्या फटीतून, पातळ. बोलता यायचं, पण दात आवळून. माझ्याशी ते आधीही तसेच बोलायचे, आता ते दिसायलाही लागलं.

सासूबाई तेव्हा डहाणूला नणंदेच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. जुळी झाली होती. "तिला इकडे बोलवायचं नाही," असं सासऱ्यांनी सासूबाईंबद्दल बजावलं. नवरा सकाळी अंधेरीला जायचा तो अंधार पडल्यावर परतायचा. उरले मी. माणिकपूरच्या ऑफिसातून रजा घेतली. प्रेमाने नाही. दुसरं कुणी नव्हतं म्हणून.

डाळीचं पाणी, गाळलेली पेज, फळांचा रस, सगळं करून पाहिलं. ते दोन घोट घ्यायचे आणि ग्लास असा ठेवायचे की तळ टेबलावर आपटला पाहिजे. तपासणीला गेलो तेव्हा त्यांची विजार नाडीवर जमा झाली होती. डॉक्टर माझ्यावरच उखडले.

"यांना उपाशी ठेवताय का? वजन बघा. दूध, आइस्क्रीम, पीनट बटर, जे पोटाला धरून ठेवेल ते द्या."

सासरे शेजारीच बसले होते. माझी बाजू घ्यायला एक शब्द पुरला असता. तेवढा तारेतून निघाला असता.

येताना माणिकपूरला पीनट बटरची बाटली घेतली. घाईत नीट पाहिलं नाही. त्यात दाण्यांचे बारीक तुकडे होते आणि ते तारेत जाऊन अडकले. रात्रीपर्यंत ते आरशासमोर मऊ ब्रशने तुकडे काढत बसले. नवरा घरी आल्यावर त्याला म्हणाले, "हिला मी मेलेला हवा आहे." नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याचं ताट वाढायला घेतलं. बोलले असते तर खरं बोलले असते.

मग मी घरीच करायचं ठरवलं. शेंगदाणे मंद आचेवर भाजले, चोळले, अंगणात नेऊन सुपाने पाखडले. सालं जास्वंदीवर उडाली. मिक्सरमध्ये दाण्यांचं आधी कूट होतं, मग ओला भुगा, मग गोळा भांड्याच्या कडेला चिकटून बसतो आणि पातं नुसतं मोकळं फिरतं. इथे बहुतेक जण हरतात. मी मिक्सर थांबवत होते, गार होऊ देत होते, चमच्याने कडा खरवडत होते आणि मनातल्या मनात सासऱ्यांना एकेक गोष्ट सुनावत होते. बऱ्याच वेळाने गोळ्याने तेल सोडलं आणि तो एकदम सैल पडून चकाकत वाहायला लागला. बोटांत चोळून पाहिलं. कण नव्हता. त्यात गार दूध, व्हॅनिला आइस्क्रीम आणि चिमूटभर मीठ घालून फिरवलं आणि मलमलच्या फडक्यातून गाळलं. चव घेतली. चांगलं झालं होतं, याचाही राग आला.

त्यांनी ग्लास घेतला आणि मागच्या दाराने वाडीत गेले. थोड्या वेळाने रिकामा ग्लास मोरीत ठेवला. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. पीत असतील असं धरून चालले. मग एका दुपारी कपडे काढायला मागे गेले तर केळीच्या बुंध्याशी मुंग्यांची ही रांग. जवळ जाऊन पाहिलं. मातीवर बदामी रंगाची साय सुकली होती.

संध्याकाळी ते ग्लास घेऊन उठले तेव्हा मी मागच्या दारात उभी होते.

"बाजूला हो."

"केळीला आज पाणी दिलंय. तिला नको."

ते थांबले. समजलं त्यांना.

"तुझ्या हातचं मला नको," ते म्हणाले. पुस्तकी मराठीत, तारेमागून.

"माहीत आहे. मलाही तुम्हाला द्यायची हौस नाही. पण तुम्ही चक्कर येऊन पडलात तर लोक म्हणतील सुनेने मारलं, आणि तुम्ही ते खोडून काढणार नाही. आवडीने नका पिऊ. रागाने प्या."

ग्लास माझ्या अंगावर येणार असं क्षणभर वाटलं. मग त्यांनी ग्लास ओठांना लावला आणि माझ्यावरची नजर न हलवता, फुर्रर्र आवाज करत, दातांच्या फटीतून शेवटपर्यंत ओढला. हनुवटीवर ओघळ आला तो पुसला नाही.

"गोड फार आहे."

"साखर घातलेली नाही. आइस्क्रीमचीच आहे."

"मग आइस्क्रीम कमी घाल."

तेव्हापासून रोज हेच. फार घट्ट आहे. फार गार आहे, हिरड्या ठणकतात. मीठ कुठेय? मी बदल करायचे आणि ते नवीन खोट काढायचे. आम्ही लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत बोललो नसू तेवढं त्या उन्हाळ्यात बोललो, आणि त्यात एक शब्द बरा नव्हता. वजन मात्र चढत गेलं.

एकदा शेजारचे बागायतदार त्यांना बघायला आले. मी ग्लास पुढे ठेवला आणि आत वळले. सासऱ्यांनी लगेच घरची बोली काढली. सून मला बैलाची पेंड पाजते, असं ते म्हणाले. तुळिंजला बैल नसतात, तिला फरक काय कळणार. दोघे हसले.

मी वळले. "पेंड म्हणजे तेल काढून घेतल्यावर उरलेला चोथा, बाबा. यातलं तेल काढलेलं नाही, म्हणून तर तुमच्या अंगी लागतंय."

शेजाऱ्यांनी चहाची वाट न बघता चप्पल शोधली. सासरे तसेच बसले. मला त्यांची बोली समजते हे त्यांना त्या क्षणी कळलं. मग आणखी काहीतरी कळलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले. या घरात येऊन वर्ष व्हायच्या आतच मला सगळं समजायला लागलं होतं. माझ्या आईबद्दल ते काय म्हणाले होते तेही. मूल होत नाही म्हणून सासूबाईंना काय सुचवलं होतं तेही.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या वर्षापासून."

माफी मागणारा माणूस तो नव्हता आणि मी वाट बघत नव्हते. त्यांनी ग्लास उचलून संपवला आणि पहिल्यांदाच कशालाही नाव ठेवलं नाही. मला त्याचं समाधान वाटलं, आणि ते समाधान चांगलं नव्हतं. कुणाला तरी नेमकं लागलं, याचं जे असतं ते.

तार कापली त्याच्या आदल्या दिवशी सासूबाई परतल्या. तार निघाल्यावर त्यांनी गुरगुट्या भात केला, तूप घातलं. सासरे हळूहळू, डोळे मिटून जेवले. माझी रजाही संपत आली होती.

शेवटच्या दुपारी बरणीत थोडं पीनट बटर उरलं होतं. मी त्याचा एक ग्लास केला, या वेळी आइस्क्रीम भरपूर घालून, न गाळता, आणि ओटीवर बसून प्यायले. सासरे वाडीतून आले, पायरीशी थांबले. त्यांनी ग्लासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी मागितला नाही. मी विचारलं नाही. ते पाय धुवायला निघून गेले.