घुमटीपाशी थांबणारी गाडी

आई गेली त्या दिवसापासून बाबाची टॅक्सी गावदेवीच्या घुमटीपाशी बंद पडू लागली. दुसरीकडे कुठे नाही, तिथेच. मोऱ्याच्या धक्क्यावर लाँचमधून उतरलेली माणसं घेऊन तो पनवेलला जायचा. मिठागरांमधल्या वळणावर ती छोटी घुमटी मागे पडते न पडते तोच इंजिन गप्प व्हायचं. गाडी थोडा वेळ उभी राहायची आणि मग मुकाट सुरू व्हायची.

आईने जीव सोडला तोही तिथेच. बाबा तिला पनवेलच्या इस्पितळात नेत होता, ती मागच्या सीटवर आडवी होती, आणि नेमकी घुमटीपाशी गाडी थांबली. पुन्हा सुरू झाली तेव्हा आई नव्हती. मी त्या दिवशी दिघ्याला कामावर होते. तिथल्या कारखान्यात मी बिघडलेली यंत्रं दुरुस्त करायचे. आईजवळ मी नव्हते याचा राग कुणावर काढावा कळत नव्हतं, तो मी गाडीवर काढायचं ठरवलं.

गावात एव्हाना कुजबुज सुरू झाली होती. आत्या भगताला विचारून आली आणि तिने बंपरला लिंबू-मिरची बांधली. उतारू गाडीत बसायला कचरू लागले. बाबाला मात्र कसलीच घाई नव्हती.

"गाडी बिघडली नाय गो," तो म्हणायचा. "तुजी आय थांबवते."

एकदा मी पुढच्या सीटवर असतानाच इंजिन विझलं. वारा पडला होता. मिठागरातलं पाणीसुद्धा हलत नव्हतं. बाबाने आरसा जरासा वाकवला आणि मागच्या रिकाम्या सीटकडे बघत हळूच विचारलं, "जास्त दुखतं का?" तेवढ्यात न्हावा शेव्याच्या बंदराच्या कामावरचा एक डंपर वळणावरून सुसाट आला आणि आम्हाला घासून गेला. बाबाने मान वळवूनही पाहिलं नाही. आई गेली ती गेली, आता हाही असाच एक दिवस रस्त्यात जाणार, या भीतीने मला झोप लागेना.

अंगणात मी गाडी दोनदा तपासली. वीज मोजायचा मीटर सगळं ठीक सांगत होता. पण मीटरचा काटा सुस्त असतो. क्षणभरात काही घडून गेलं तर त्याला पत्ताही लागत नाही. त्यासाठी ऑसिलोस्कोप हवा, तो विजेची चाल क्षणाक्षणाला डोळ्यांसमोर मांडतो. साहेबांच्या मागे लागून मी कारखान्यातला एक सुटीपुरता मागून घेतला. बिघाड जिथे होतो तिथेच बघायचा असा माझा हट्ट, म्हणून ते धूड घुमटीपाशी नेलं आणि घुमटीतला देवीचा बल्ब काढून त्या होल्डरमधून वीज घेतली.

"देवीला अंधारात ठेवलंस," सोबत आलेली आत्या म्हणाली आणि तरातरा घरी निघून गेली.

दिवस कलला होता. यंत्र तापायला वेळ घेतं. काळ्या काचेवर आधी काहीच नव्हतं, मग एक हिरवा ठिपका उगवला आणि त्याची रेघ झाली. मी त्याची तार गाडीच्या, इंजिनला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलला जोडली. इंजिन चालू होतं आणि प्रत्येक ठिणगीबरोबर रेघेतून एक सुळका उठत होता. बाबा खिडकीतून मान काढून बघत होता.

"काळीज दिसतं का यात?" त्याने विचारलं.

"गाडीचं," मी फटकन म्हटलं.

बराच वेळ काहीच झालं नाही. रोज इथे बंद पडणारी गाडी आज शहाण्यासारखी चालत होती. मागच्या सीटवरून कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं मला वाटू लागलं, आणि यंत्रांवर पोट भरणाऱ्या मला त्याची लाजही वाटली.

"चल, जाऊ या," मी वैतागून म्हणाले. मी तार काढायच्या आधीच बाबाने निघायचं म्हणून सवयीने हॉर्न दाबला, चांगला लांबलचक.

सुळके खचले. रेघ सपाट झाली आणि इंजिन विझलं.

फ्यूजच्या डब्यामागे हॉर्नला आणि कॉइलला वीज पुरवणारी एकच तार होती, तिचं टोक जळून काळं पडलं होतं. एरवी बाबा हॉर्न वाजवायचा तो दोन टिचक्या, तेवढं ते सोसायचं. इथे मात्र देवीसाठी तो गाडी हळू करून लांब हॉर्न द्यायचा. टोक तापून सुटायचं, निवलं की पुन्हा जुळायचं.

"पण पूर्वी तू इथे कुठे हॉर्न वाजवायचास?" मी विचारलं. "आई हात जोडायची, तू नुसता पुढे बघायचास."

"त्या दिवशी तीच बोलली. माजे हात उठत नाय, तुमी हॉर्न वाजवा. तवापासून वाजवतो."

बोलता बोलता तो थांबला. काचेवरच्या सपाट रेघेकडे बघू लागला, आणि त्याच्या काय ध्यानात आलं ते मला कळलं.

"म्हंजी," तो म्हणाला, "गाडी मीच बंद केली."

"हॉर्न वाजवायला कुणी सांगितलं, बाबा?"

"तिनं."

"मग तिनेच थांबवली. तिला इथेच थांबायचं होतं."

त्याने एकदा आरशातून मागची रिकामी सीट पाहिली. मग त्याने आरसा सरळ केला.

"बल्ब लाव पोरी," तो म्हणाला. "देवी अंधारात हाय."